सिंहस्थाच्या टेंडरात आमचं नाव कुठल्या कागदावर येणार?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात रोज सिंहस्थाच्या कामांच्या बातम्या येतात, कुठला पूल, कुठला रस्ता, किती कोटी. ते सगळं सकाळी चहाबरोबर वाचतो आणि मग अंबडला येऊन शटर वर करतो. एक्सलो पॉईंटच्या मागच्या बाजूला माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, माझ्यासकट दहा माणसं, तीन मिग वेल्डिंग मशीन, एक शिअरिंग, एक बेंडिंग, पावडर कोटिंग बाहेरून करून घेतो. शाळेची बाकं, कपाटं, रॅक, गेट, जे येईल ते करतो. पत्र लिहायची सवय नाही त्यामुळे इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या, आणि लांबलं तर कापा, पण सबकॉन्ट्रॅक्टवाला भाग ठेवा एवढी विनंती.

२०१५ च्या सिंहस्थात नाशिकमध्ये बॅरिकेड किती होते हे नाशिककरांना सांगायला नको, पहिल्या पर्वणीला तर लोक चालून चालून दमले आणि गोदावरीपेक्षा बॅरिकेडच जास्त दिसले असं म्हणत घरी गेले. त्यातले साडेचारशे आमच्या शेडमधून गेलेले. पंधरा दिवस रात्रपाळी केली, बायको घरून दोन वेळचा डबा पाठवायची सगळ्यांचा. आता तुम्ही विचाराल काम कुणाचं होतं, तर खरं सांगतो मला आजपर्यंत माहीत नाही. मला काम दिलं सातपूरच्या एका ओळखीच्या माणसाने, त्याला दिलं पुण्याच्या कुणीतरी, आणि त्या पुण्यावाल्याच्या वर अजून एक जण होता म्हणे. म्हणजे मी तिसरा का चौथा. पैसे तीन तुकड्यांत आले, शेवटचे चाळीस हजार आलेच नाहीत, सातपूरवाला म्हणाला मलाच वरून आले नाहीत, आणि तो खोटं बोलत नव्हता असं मला आजही वाटतं.

परवा सिग्नलला उभा होतो, समोर बॅरिकेड. आमच्या जुन्या वेल्डरची सवय होती, पायाच्या पट्टीला बाहेरून वेल्डिंग झालं की आतून पण एक टाका मारायचा, ड्रॉइंगमध्ये नसला तरी. तो टाका दिसला. वर दोनदा रंग चढलाय, कुठल्यातरी क्लासची जाहिरात चिकटवलीय, पण पाय जागचा हललेला नाही. इतक्या वर्षांनी माल अजून रस्त्यावर उभा आहे आणि तो आम्ही बनवला याचा पुरावा म्हणजे फक्त तो टाका. हेच सांगायला पत्र लिहितोय.

आता परत सिंहस्थ आलाय. ३१ ऑक्टोबर २०२६ ला रामकुंडावर ध्वजारोहण, २०२७ ला पर्वण्या. पूल आणि रिंगरोड आम्हाला नकोत, ती आमची कामं नाहीत, आमची ऐपत आम्हाला माहितीय. पण बॅरिकेड, दिशादर्शक बोर्ड, तात्पुरत्या शौचालयांच्या फ्रेम, कपडे बदलायच्या खोल्या, वॉचटॉवर, कचराकुंड्यांचे स्टँड, ही सगळी कामं अंबड, सातपूर, सिन्नर इथल्या शेडमध्ये होण्यासारखी आहेत आणि शेवटी होतातही इथेच. फक्त कागदावर नाव दुसऱ्याचं असतं.

लोक म्हणतात छोट्यांसाठी सरकारने काही नियम केले नाहीत, ते चूक आहे. नियम भरपूर आहेत. केंद्राची सगळी खाती आणि सरकारी कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतली २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असा २०१२ चा आदेश आहे, आधी २० टक्के होतं ते २०१८ ला २५ केलं, त्यातच ४ टक्के एससी-एसटी उद्योजकांसाठी आणि ३ टक्के महिलांसाठी. ३५८ वस्तू अशा आहेत की त्या फक्त आमच्यासारख्यांकडूनच घ्यायच्या, त्या यादीत लोणच्यापासून छत्रीपर्यंत सगळं आहे आणि स्टीलची कपाटं पण आहेत. टेंडर फी माफ, ईएमडी म्हणजे टेंडरसोबत भरायची अनामत, ती पण माफ. आमचा रेट सगळ्यात कमीवाल्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला आणि तो कमीवाला मोठा उद्योग असला तर त्याच्या रेटला उतरायची आम्हाला संधी आणि किमान चौथाई माल आमच्याकडून. वाचायला किती छान वाटतं ना. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट होतं, आधार आणि पॅन असलं की घरी बसून होतं, तरी आमच्याकडे अजून लोक त्याचे दीड-दोन हजार देतात कॉम्प्युटरवाल्याला, ते जाऊद्या.

अडतं कुठे ते सांगतो. पहिलं म्हणजे हे सगळं केंद्राचं. राज्य सरकारचं, महापालिकेचं, झेडपीचं खरेदीचं पुस्तक वेगळं, १ डिसेंबर २०१६ चा जीआर आहे त्याचा, आणि प्रत्येक ऑफिस तो जीआर आपापल्या चष्म्यातून वाचतं. दुसरं म्हणजे केंद्राची ही सवलत मालाला आणि सेवेला आहे, 'वर्क्स'ला, म्हणजे बांधकाम-उभारणीच्या कामाला नाही. आता बॅरिकेड बनवणं हा माल झाला. पण टेंडर असं काढलं की बॅरिकेड पुरवणे, वाहतूक करणे, उभारणे, देखभाल करणे आणि काढून नेणे, सगळं एकात, की ते झालं काम. मग ईएमडी भरा, मग टर्नओव्हर दाखवा, मग अशाच कामाचा अनुभव दाखवा. कुणी मुद्दाम करतं असं मी म्हणत नाही, इंजिनिअर साहेबांना पण पन्नास जणांच्या मागे धावण्यापेक्षा एकाची कॉलर धरणं सोपं असतं, ते मला कळतं. पण त्यांच्या त्या सोयीपायी आम्ही पन्नास जण दारातच अडकतो.

आणि जेम पोर्टल, सरकारी खरेदीचं ऑनलाईन दुकान. तिथे बिडच्या कागदावर एक ओळ असते, एमएसईला (म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगाला) अनुभव आणि टर्नओव्हरमधून सूट, आणि पुढे येस किंवा नो. आम्ही पीडीएफ उघडली की रेट वगैरे नंतर, आधी ती ओळ शोधतो. नो असलं की फाईल बंद. ती सूट द्यायचीच असं बंधन नाही, साहेबांच्या मर्जीवर आहे.

तीन वर्षांपूर्वीचा माझा अनुभव सांगतो, ऑफिसचं आणि पार्टीचं नाव घेत नाही. एका जिल्ह्यातल्या शाळांसाठी साडेचार हजार ड्युअल डेस्कचं टेंडर निघालं. दोन मुलांचं बाक, एक इंची चौकोनी पाईप, १८ गेज, वर प्लायची फळी, खाली दप्तराची जाळी. असलं बाक आम्ही डोळे मिटून बनवतो. पण अट काय, तीन वर्षांचा सरासरी टर्नओव्हर पाच कोटी आणि दोन कोटींची एक ऑर्डर आधी केलेली पाहिजे. माझा टर्नओव्हर एक कोटी दहा लाख. दोन कोटींची ऑर्डर करायला आधी दोन कोटींची ऑर्डर मिळायला पाहिजे, आणि ती मिळायला आधी एक केलेली पाहिजे, म्हणजे पोहायला आलं की मग पाण्यात उतर. तेच टेंडर तालुक्याप्रमाणे तोडलं असतं तर एकेका लॉटमध्ये तीनशे-साडेतीनशे बाकं आली असती, पंधरा-सतरा लाखांचं काम, आमच्यासारखे वीस जण रांगेत उभे राहिले असते आणि रेट पण खाली आला असता.

झालं काय, मुंबईच्या एका पार्टीने टेंडर घेतलं आणि महिन्याभरात त्यांच्या माणसाचा मला फोन, सहाशे बाकं करता का, ३१५० रुपये अधिक जीएसटी, माल शेडमधून उचलणार. केली. नंतर टेंडरचा निकाल ऑनलाईन दिसतो त्यात बघितलं तर मंजूर रेट ४८९० होता. आता यावर माझा फार राग नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. त्या माणसाने अनामत भरली, बँक गॅरंटी दिली, ट्रक लावले, गावोगावच्या मुख्याध्यापकांच्या सह्या गोळा केल्या, इन्स्पेक्शनला आलेल्यांची उठबस केली. त्याचे पैसे लागतातच. त्या इन्स्पेक्शनचा पण एक किस्सा आहे, आलेल्या मुलाने मायक्रोमीटर लावला आणि म्हणाला पाईपचा पत्रा १.२ एमएमच्या वर भरतोय, मी म्हटलं साहेब ते पावडर कोटिंग धरून, खालचा पत्रा बरोबर १.२ आहे, त्याने विचारलं मग पेंट सोडून मोजायचं कसं, शेवटी मीच एका नव्याकोऱ्या बाकाचा पाय ग्राइंडरने घासून दाखवला. ते एक बाक अजून शेडमध्ये आहे, त्यावर चहा पितो आम्ही.

राग आहे तो पैशांवर. सहाशे बाकांचे १८ लाख ९० हजार, त्यातले ७ लाख ५६ हजार ॲडव्हान्स मिळाले, त्यात फक्त पाईप आणि प्लाय आला. उरलेले ११ लाख ३४ हजार यायला चौदा महिने लागले. फोन केला की एकच, वरून बजेट आलं नाही, हेडला पैसे नाहीत, मार्चमध्ये निघेल. तोपर्यंत माझ्या सीसीवर, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर ११ टक्क्यांनी व्याज, जवळपास दीड लाख गेले त्यातच, म्हणजे कमाई होती तेवढी गेली. आणि जीएसटी, तो बिल टाकलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचाच, पैसे आले असोत नसोत. मग एकाने सुचवलं म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तर उत्तर आलं की पार्टीचं बिल सात महिन्यांपूर्वीच अदा झालंय. सात महिने माझे पैसे दुसऱ्याच्या धंद्यात फिरत होते आणि मी वेल्डरला म्हणत होतो, पगार या महिन्यात अर्धा घे.

यावर पण कायदा आहे, माहितीय मला. २००६ च्या एमएसएमई कायद्यात लिहिलंय की लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते पण दर महिन्याला चक्रवाढ. ऑनलाईन तक्रार टाकता येते, ती ऐकायला फॅसिलिटेशन कौन्सिल आहे, निकाल विरोधात गेला आणि कोर्टात जायचं असलं तर समोरच्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. एवढं कडक हत्यार आहे. मग मी का नाही टाकली तक्रार? कारण माझ्याकडे वर्क ऑर्डर नव्हती, व्हॉट्सॲपवर 'ओके ६०० नग करा' एवढा मेसेज, माझं जीएसटी बिल आणि डिलिव्हरी चलन. वकील म्हणाले बिलावर पण केस उभी राहते. राहत असेल. पण तक्रार टाकली की त्या लाईनमध्ये पुढचं काम कोण देणार? पपया नर्सरीच्या चौकात चहाला उभं राहिलं की तासाभरात अख्ख्या एमआयडीसीला कळतं कोण केस करणारा आहे. पैसे तर हवेतच, पण पुढच्या वर्षीचं काम पण हवं.

इन्कम टॅक्स कायद्याच्या ४३बी मध्ये सरकारने नवीन कलम आणलं, १ एप्रिल २०२४ पासून, छोट्याचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरता येणार नाही. हेतू चांगला. परिणाम काय झाला ते सांगतो, फेब्रुवारीत पार्टीच्या अकाउंटंटचा फोन, तुमचं बिल एप्रिलमध्ये टाका ना, आणि एकाने तर सरळ विचारलं की तुम्ही उद्यममध्ये ट्रेडर म्हणून दाखवू शकता का, म्हणजे हे कलम लागायचं नाही. ट्रेड्स नावाच्या ऑनलाईन पोर्टलवर बिल चढवून बँकेकडून पैसे लगेच मिळतात म्हणतात, चांगली सोय आहे, पण तिथे बिल घेणारा मोठा खरेदीदार रजिस्टर पाहिजे आणि त्याने बिल मान्य केलं पाहिजे. माझी मुंबईची पार्टी तिथे नाही, आणि असती तरी तिने माझं बिल चढवू दिलं असतं असं वाटत नाही.

तर गंमत काय आहे बघा. केंद्राच्या त्या २५ टक्क्यांच्या हिशोबात असं धरलेलं आहे की मोठ्या कंपनीने काम घेऊन छोट्याला सबकॉन्ट्रॅक्ट दिलं तर ती पण छोट्याकडूनच झालेली खरेदी. म्हणजे टार्गेट मोजायला आम्ही आहोत. पण पैसे द्यायच्या वेळी खातं म्हणतं आमचा करार मुख्य कंत्राटदाराशी, तुम्ही कोण?

हे 'तुम्ही कोण' किती महागात पडतं ते जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात दिसलं. जलजीवनची कामं केलेल्या एका तरुण मुलाने थकलेल्या पैशांपायी जीव दिला अशी बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी सरकारच्या बाजूने सांगितलं गेलं की त्याच्या नावावर आमच्याकडे कंत्राटच नाही, तो सबकॉन्ट्रॅक्टर असेल. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबरही असेल. पण ते वाक्य वाचलं त्या दिवशी आमच्या शेडमध्ये कुणी फार बोललं नाही. त्या घराबद्दल मी जास्त लिहीत नाही, त्यांचं दुःख त्यांना.

माझा भाचा अमेरिकेत एका बांधकाम कंपनीत आहे, त्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाला मामा इकडे सरकारी बांधकामात मुख्य कंत्राटदाराला पैसे मिळाले की सात दिवसांत खालच्याला द्यायचे असं करारातच लिहिलेलं असतं. आणि मोठ्या रकमेचं सरकारी काम घेताना मोठ्या कंपनीला आधी प्लॅन द्यावा लागतो, छोट्यांना किती काम देणार, कुठलं देणार. तिकडे पण सगळं आलबेल नसणारच, तोही म्हणाला की कागदावर आहे तेवढं प्रत्यक्षात नाही. पण निदान कागदावर खालच्या माणसाला जागा आहे, सात दिवसांचं वाक्य तरी आहे दाखवायला.

मला हेच पाहिजे, जास्त काही नाही. सिंहस्थाच्या ज्या ज्या टेंडरात असा माल आहे त्यात एक पान वाढवा. मुख्य कंत्राटदाराने माल कुणाकडून बनवून घेतला, त्याचा उद्यम नंबर, किती नग, किती रुपये, हे लिहून द्यायचं. आणि रनिंग बिल, म्हणजे काम चालू असतानाचं टप्प्याचं बिल, टाकताना मागच्या बिलातले पैसे या खालच्या लोकांना दिले याची बँकेची एंट्री जोडायची, नसेल तर पुढचं बिल अडवायचं. एवढंच. यात सरकारचा एक रुपया जात नाही. कामगारांचा पीएफ भरल्याचं चलन बिलाला मागतातच की, तसंच हे. आणि हो, अनुभवाचा दाखला पण त्याच पानावरून आम्हाला मिळू द्या, म्हणजे पुढच्या वेळी 'केलेलं काम दाखवा' म्हटलं की आम्ही सिग्नलवरच्या बॅरिकेडकडे बोट दाखवत बसणार नाही.

जमलं तर लॉट छोटे करा, माल वेगळा आणि उभारणी वेगळी काढा, ते आधी लिहिलंच आहे. आणि जिल्हा उद्योग केंद्रात आठवड्यातून दोन दिवस एक माणूस बसवा जो टेंडर वाचून देईल. कर्जाच्या योजना सांगायला माणूस असतो, फॉर्म देतात, समजावतात, चांगलं आहे. पण शंभर पानांचं टेंडर घेऊन गेलो आणि विचारलं साहेब आम्ही यात बसतो का, तर सांगणारा कुणी नाही. प्रायव्हेट टेंडरवाला एका टेंडरचे पाच हजार घेतो आणि शेवटच्या दिवशी साडेचारला फोन करतो की तुमच्या डिजिटल सिग्नेचरची मुदत संपलीय. गेल्या वर्षी असं दोनदा झालं माझं, एकदा तर सगळे कागद चढले होते आणि रेटची एक्सेल फाईल तेवढी चढेना कारण त्याने फाईलचं नाव बदललं होतं. पोर्टल म्हणतं नाव बदलायचं नाही. हे कुणाला कसं कळणार? पाच वाजले, खिडकी बंद.

आमच्यात पण दोष आहेत, नाही म्हणत नाही. आम्ही कागद ठेवत नाही, तोंडी बोलण्यावर माल सोडतो, तीन वर्षांच्या बॅलन्सशीटमध्ये टर्नओव्हर कमी दाखवतो आणि मग टेंडरात तोच कमी पडला की रडतो. चार शेडवाल्यांनी मिळून एकत्र टेंडर भरायचं ठरवलं होतं आम्ही एकदा, ऑर्डर यायच्या आधीच भांडण झालं नफा कसा वाटायचा यावरून.

सध्या एक टेंडर बघून ठेवलंय, बोर्डांच्या फ्रेमचं, रक्कम आमच्या आवाक्यातली आहे, अनुभवाच्या ओळीपुढे यावेळी चक्क येस आहे. शेवटची तारीख शनिवार, संध्याकाळी ५. शनिवारी आमच्या एमआयडीसीत मेंटेनन्ससाठी लाईट नसते, त्यामुळे आज शुक्रवारीच भरून टाकतोय. फाईलचं नाव बदललेलं नाही.

आपला,
एक फॅब्रिकेशनवाला, अंबड, नाशिक